पोर एकटं पडलं तर पाड्याने काय करायचं

(भट्ट्यांची भरती सुरू व्हायच्या आधी झालेल्या तालुका शिबिरात संघटनेच्या एका कार्यकर्तीने केलेलं भाषण. पुष्कळ पाड्यांनी मागणी केली म्हणून बोललं तसंच छापलं आहे. पाड्याच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावं.)



सकाळपासून आपण जमिनीचं बोलतोय. किती दावे प्रांताकडे पडून आहेत, किती नामंजूर झाले, मोजणी कुठे अडली, सगळं झालं. आता मी पोरांचं बोलणार. मागच्या रांगेतले दोन-चार दादा उठायला लागलेत. त्यांना वाटतंय बायांचा विषय आला, तोवर बिडी ओढून येऊ. बसा दादा. हा पण जमिनीचाच विषय आहे. कसा ते सांगते.

एक घर डोळ्यापुढे आणा. कुठल्या पाड्यातलं ते विचारू नका, तुमच्या पाड्यात पण असं एक घर निघेल. घरचा कर्ता माणूस टीबीने गेला. मागे बायको आणि तीन पोरं. मोठी पोरगी नऊ वर्षांची, मधला सहाचा, तान्हं दीड वर्षाचं. वनजमिनीचा दीड एकराचा प्लॉट, त्याच्यावर नागली-वरई. दावा टाकलेला नवऱ्याच्या नावाने.

आता काय होतं बघा. दिवस करायला कर्ज काढलं. कर्जापायी रेशनकार्ड दुकानदाराकडे अडकलं. पावसाळ्यात दीर म्हणाला, वहिनी, तू एकटी काय कसणार, मी नांगर घालतो. घातला. बाईला वाटलं आधार झाला. आषाढ-श्रावणात घरातलं धान्य संपलं, तान्हं पोर वाळायला लागलं. दिवाळी झाली, मुकादम आला, त्याने बयाणा हातावर ठेवला. बाई दोन लहानग्यांना घेऊन भट्टीवर गेली. मोठ्या पोरीला मेंढीवाल्याकडे दिलं, खाऊन-पिऊन वर्षाचे अमुक पैसे आणि एक कोकरू. पुढच्या वर्षी मोजणीला माणसं आली तेव्हा प्लॉटवर उभा कोण? दीर. बाई कुठे? भट्टीवर. रेंजरने एक काठी उगारली नाही, तरी त्या घराची जमीन गेली. जमिनीच्या आधी कार्ड गेलं, पोरीची शाळा गेली, तान्ह्याची तब्येत गेली.

म्हणून मी म्हणते, आपण रेंजरवर मोर्चा नेतो तो बरोबरच आहे. पण आपल्याच पाड्यात एक घर मोडतं तेव्हा आपण त्याला जमिनीचा प्रश्न म्हणत नाही. त्याला आपण त्या बाईचं नशीब म्हणतो. हे नशीब नाही. ह्यातल्या प्रत्येक पायरीवर अडवायला काहीतरी आहे. कायदा आहे, योजना आहे, माणूस आहे. पण ते आपोआप घरी येत नाही, आणि एकट्या बाईला तर मिळतच नाही. पाड्याने उभं राहायला पाहिजे. आज मी पायरी-पायरीने सांगणार आहे. ज्याला लिहिता येतं त्याने लिहून घ्या.

पहिल्या महिन्यात करायची कामं

सगळ्यात पहिलं काम कागदाचं नाही, चुलीचं आहे. त्या घरात आज संध्याकाळी काय शिजणार ते बघा. आपल्यात ही रीत होतीच. घरटी पायली-पायली धान्य गोळा करायचं, पेरणीला एक दिवस सगळ्यांनी हात लावायचा. काही पाड्यांनी धान्य बँक केलीय. सुगीला प्रत्येकाने घातलं, अडचणीत काढलं, पुढच्या सुगीला परत केलं. ही बँक असेल तर दुकानदाराच्या दारात जायची वेळ येत नाही आणि कार्ड गहाण पडत नाही.

दुसरं, मृत्यूची नोंद. हे आपले लोक करतच नाहीत. माणूस गेला, जाळला-पुरला, संपलं. ग्रामसेवकाकडे 21 दिवसांच्या आत नोंद केली तर एक पैसा लागत नाही. त्यानंतर उशिराचे पैसे पडतात. महिना उलटला की वरची परवानगी लागते. वर्ष उलटलं की मॅजिस्ट्रेटचा हुकूम आणावा लागतो. आणि मृत्यूचा दाखला नसला तर विधवेची कुठलीच योजना चालत नाही, वारस नोंद पण होत नाही. म्हणून ते काम बाईवर टाकू नका. ती रडत असते. पाड्यातल्या दोघांनी जावं, नोंद करावी, दाखल्याच्या चार प्रती काढून आणाव्यात. पोरांच्या जन्माची नोंद नसेल तर ते कामही तिथेच सुरू करावं.

तिसरं, रेशनकार्ड. कार्ड दुकानदाराने ठेवून घेणं बेकायदा आहे. पाच जणांनी जाऊन कार्ड मागा. नाही दिलं तर तहसीलदाराकडे लेखी तक्रार. आणि कार्ड कुठल्या रंगाचं आहे ते बघा. ज्या विधवेला कोणाचा आधार नाही तिला अंत्योदयचं कार्ड मिळायला पाहिजे, महिन्याला 35 किलो धान्य, 2022 पर्यंत त्याचा भाव गहू 2 रुपये आणि तांदूळ 3 रुपये किलो होता. सुप्रीम कोर्टाने 2003 साली सांगितलंय की निराधार विधवा, एकट्या बाया आणि आदिम जमातीची घरं ह्यांना अंत्योदयमध्ये घ्या. आपल्याकडे कातकरी ही आदिम जमात आहे. म्हणजे कातकऱ्याच्या घराला ह्यासाठी विधवा व्हायची पण गरज नाही. माणूस जिवंत असताना पण ते कार्ड त्यांचं आहे. किती कातकरवाड्यांत आहे? हात वर करा. बघा, किती थोडे हात आले.

चौथं, पैशाच्या मदतीचे अर्ज. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कर्ता माणूस साठीच्या आत गेला तर कुटुंब लाभ योजनेत 20 हजार रुपये एकदाच मिळतात. ह्याच्यासोबत संजय गांधी निराधार योजना. ती महाराष्ट्रात 1980 पासून आहे. विधवा, टाकलेली बाई, अपंग, अनाथ पोर, ह्यांना दर महिन्याला पैसे मिळतात. दोन्ही अर्ज तहसील कचेरीत. सोबत मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, कार्डाची प्रत, पोरांच्या वयाचे दाखले. तलाठी उत्पन्नाच्या दाखल्याला पैसे मागेल. देऊ नका. एजंट म्हणेल पहिला हप्ता मला. त्याला तर दारात उभं करू नका.

आणि एक योजना आपल्याला कोणी सांगत नाही. तिचं नाव बाल संगोपन. आई-बाप गेले, किंवा एक गेला आणि दुसऱ्याला आजारपणामुळे पोर सांभाळता येत नाही, अशा वेळी पोराला अनाथाश्रमात टाकायचं नाही. आजी, मामा, काका, जो सांभाळतो त्याच्याच घरात ठेवायचं आणि त्याच्यासाठी दरमहा पैसे द्यायचे अशी ती योजना आहे. जिल्ह्याच्या महिला व बालविकास अधिकाऱ्याकडे अर्ज जातो. आपल्यात आजीच पोरं सांभाळते. आजीला वाटतं पोराला आश्रमात दिल्याशिवाय सरकार काही देत नाही. तिला हे सांगा.

तान्ह्या पोराचं

आता ते दीड वर्षाचं पोर. आपल्या जव्हार-मोखाड्याला हे सांगायला नको. वावर-वांगणीला 1992 साली पोरं मेली तेव्हा मंत्री आले, पेपरवाले आले. पुढच्याच वर्षी मेळघाटात पोरं मेली. मग 1995 साली नवसंजीवनी योजना आली. म्हणजे पोरं मेली तेव्हा सरकार हललं. आपण मरायची वाट बघायची नाही. वाळायला लागलं तेव्हाच ओळखायचं.

ओळखायचं कसं? अंगणवाडीताईकडे दंडाला लावायची रंगीत पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या पोराचा दंड साडेअकरा सेंटीमीटरपेक्षा कमी भरला, पट्टी लाल रंगावर आली, की ते पोर धोक्यात आहे. दोन्ही पायांवर सूज आली, बोटाने दाबलं तर खड्डा राहतो, तरी धोक्यात आहे. सुजेमुळे पोर कधीकधी गुबगुबीत दिसतं, त्याला फसू नका. खातच नाही, दूध ओढत नाही, सुस्त पडलंय, श्वास भरभर चाललाय, बरगडी आत ओढते, अशा पोराला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं. उद्या नाही, बाजाराच्या दिवशी नाही.

भगताचं काय, असं कोणी विचारेल. भगताशी भांडत बसू नका. घरच्यांचा विश्वास आहे तर त्याने सूप फिरवावं, पण गाडीत बसायच्या आधी. पुष्कळ भगत समजूतदार असतात. त्यांनाच सांगा की तुम्हीच म्हणा, दवाखान्यात न्या म्हणून. त्यांच्या शब्दाला मान आहे.

आणि डॉक्टर लोक म्हणतात आदिवासी अडाणी, पोराला दाखल करत नाहीत, केलं तर दोन दिवसांत पळून जातात. मी पळून आलेल्या बायांशी बोलले आहे. त्यांना विचारा. घरी दुसरी दोन पोरं आहेत, त्यांना भाकर कोण देणार? कोंबड्या-बकऱ्या कोण बघणार? मजुरी बुडते ती कोण भरणार? दवाखान्यात आईच्या जेवणाचं काय? ही अडचण आहे. अडाणीपणा नाही. बुडीत मजुरी द्यायची तरतूद नवसंजीवनीत आहे, ती दवाखान्यात मागून घ्या, लेखी मागा. पण घरची दोन पोरं सांभाळायची तरतूद कुठलं सरकार करणार? ती पाड्याने करायची. आई दवाखान्यात आहे तोवर तिची पोरं कोणाच्या घरी जेवणार, कोणाच्या घरी झोपणार, बकऱ्या कोण नेणार, हे गाडी निघायच्या आधी चार घरांनी ठरवून टाकायचं. मग बघा ती पळून येते का.

गडचिरोलीची गोष्ट ऐकून ठेवा. तिथे डॉक्टर अभय बंग आणि राणी बंग ह्यांनी 39 गावांतल्या बायांनाच नवजात बाळाची काळजी शिकवली. बाळ कोरडं करून गुंडाळायचं, वजन करायचं, श्वास मोजायचा, निमोनिया आणि जंतुदोष ओळखून औषध द्यायचं. जन्मून महिन्याच्या आत मरणाऱ्या बाळांचं प्रमाण 62 टक्क्यांनी खाली आलं. 1999 साली हे जगाच्या डॉक्टरी मासिकात छापून आलं. हे काम गावातल्या, थोडंफार शिकलेल्या बायांनी केलं. आपल्या पाड्यातली आशा, आपली सुईण, आपली अंगणवाडीताई ह्या हे शिकू शकतात. त्यांना शिकवा अशी मागणी लावून धरायची.

अंगणवाडी

सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतचं प्रत्येक पोर, पोटुशी बाई आणि अंगावर पाजणारी बाई, ह्यांना अंगणवाडीतून खाणं मिळायला पाहिजे. ही मेहरबानी नाही. सुप्रीम कोर्टाने 2001 पासून अन्नाच्या हक्काच्या खटल्यात हे बजावलंय. त्याच खटल्यात 13 डिसेंबर 2006 ला कोर्टाने म्हटलंय की ज्या वस्तीत सहा वर्षांखालची 40 पोरं आहेत आणि अंगणवाडी नाही, त्या वस्तीने मागणी केली की तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी द्यायची. आपले पाडे लहान. त्यासाठी मिनी अंगणवाडी आहे, आदिवासी भागात 150 लोकवस्तीलाही ती होते. दोन ओढे ओलांडून पोर दुसऱ्या पाड्यात जाणार नाही, पावसात तर नाहीच. म्हणून पोरं मोजा, नावं लिहा, ग्रामसभेचा ठराव करा आणि तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याला द्या. पोच घ्या.

मग अधिकारी म्हणतो, द्यायची आहे हो, पण जागा फॉरेस्टची आहे, इमारत बांधता येत नाही. हे उत्तर किती वर्षं ऐकतोय आपण! वनहक्क कायदा 2006 काढा. कलम 3, पोटकलम 2. त्यात लिहिलंय की शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, पिण्याचं पाणी, रस्ता अशा गावाच्या सोयींसाठी वनजमीन देता येते. अट काय? एका कामाला एक हेक्टरच्या आतली जागा, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तुटायला नकोत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. म्हणजे किल्ली ग्रामसभेच्या हातात आहे. प्लॉटचे दावे भरताना आपण हे कलम उघडून पाहत नाही. ह्या वेळी पाहा. प्रत्येक पाड्याने निदान एक ठराव अंगणवाडीच्या जागेचा करावा.

मोठी पोरगी

आता त्या नऊ वर्षांच्या पोरीकडे या. मेंढीवाल्याकडे, भट्टीवर, शहरात कोणाच्या घरी भांडी घासायला, जिथे पोर पैसे घेऊन ठेवलं जातं तिथे काय लागू होतं? 1933 साली इंग्रजांच्या काळी कायदा झाला होता, त्याने पोराची मजुरी गहाण ठेवायचा करारच रद्दबातल ठरवला. 1976 चा वेठबिगार निर्मूलन कायदा आहे. बयाण्यापोटी माणूस बांधून ठेवला, त्याला दुसरीकडे जाता येत नाही, रास्त मजुरी मिळत नाही, ती वेठबिगारी. त्या कायद्याने ते कर्ज फिटलं असंच धरायचं. परत करायचं नाही. हे बाईला दहा वेळा सांगा, कारण ती म्हणते पैसे घेतलेत, पोरीला आणू कशी. पैसे घेतले असले तरी पोरीला आणायची.

आणायची कशी? एकटी-दुकटी जाऊ नका. तिकडे मार खाल आणि पोरीला दुसरीकडे हलवतील. प्रांत किंवा कलेक्टर ह्यांच्याकडे लेखी अर्ज, पोरीचं नाव, वय, कोणी नेलं, कुठे नेलं, किती पैसे दिले. ह्या कायद्यात सोडवायची जबाबदारी त्यांची आहे. सोडवल्यावर सुटकेचा दाखला घेतल्याशिवाय हलायचं नाही. त्या दाखल्यावरच पुढचं पुनर्वसन मिळतं. घाईची वेळ असेल, पोर मारहाणीत असेल, तर 1098 हा फोन आहे. पोरांसाठीच आहे, रात्री-बेरात्री चालतो, पैसे पडत नाहीत. पोरं स्वतः पण करू शकतात. हा आकडा आज सगळ्यांनी म्हणा. दहा, नऊ, आठ. शाळेच्या भिंतीवर, समाजमंदिराच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा.

जिल्ह्याला बाल कल्याण समिती असते. सोडवलेलं पोर तिच्यासमोर नेतात. तिथे आईने आणि पाड्यातल्या दोघांनी हजर राहायचं आणि सांगायचं की पोर आमच्याकडे द्या, आम्ही सांभाळतो, शाळेत घालतो. पाड्याचं कोणी गेलं नाही तर पोर लांबच्या बालगृहात जातं आणि मग आईला भेटायला एसटीचं भाडं पण नसतं.

शाळेचं सोपं झालंय. 1 एप्रिल 2010 पासून शिक्षण हक्क कायदा आहे. सहा ते चौदा वर्षांच्या पोराला वयाप्रमाणे वर्गात घ्यायला पाहिजे, मधूनच आलं तरी, दाखला नसला तरी. गुरुजी म्हणाले जूनमध्ये या, तर म्हणा कायदा दाखवा. आश्रमशाळा पण आहे, पण एक सांगते. पोर आश्रमशाळेत घातलं की खाण्या-पिण्याची चिंता मिटली म्हणून आपण वर्षभर तिकडे फिरकत नाही. महिन्यातून एकदा पाड्यातल्या कोणीतरी जायचं. जेवण काय मिळतं, आजारी कोण आहे, मुलींच्या खोलीला दार-कडी आहे का, रात्री बाई माणूस असतं का, ते बघायचं. पोर म्हणालं मला तिथे जायचं नाही, तर त्याला मारून पाठवू नका. का नाही, ते आधी विचारा.

अजून एक जड गोष्ट. पोरीवर, पोरावर कोणी हात टाकला, मग तो भट्टीचा मालक असो, मास्तर असो की आपल्याच भावकीतला असो, तर ते पंचांत बसून मिटवायचं नाही. कोंबडं, दारू आणि दंड, असं मिटवलं की तो माणूस पुन्हा तेच करतो आणि पोर आयुष्यभर गप्प बसतं. 2012 सालचा पोक्सो कायदा आहे. पोलिसांना तक्रार लिहून घ्यावीच लागते. पोराचा जबाब घरी घ्यायचा, शक्यतो बाई पोलिसाने घ्यायचा, पोराला रात्रीचं ठाण्यात ठेवायचं नाही. आपली पंचायत आपल्याला प्यारी आहे, भांडण-तंटे ती मिटवतेच. पण हा तंटा नाही.

आता जमीन

परत प्लॉटवर येऊ. वनहक्क कायद्यात लिहिलंय, लग्न झालेलं असेल तर पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने. एकटं माणूस घर चालवत असेल तर त्याच्या नावाने. आणि हा हक्क वारसाने पुढे जातो, विकता मात्र येत नाही. म्हणजे दावा टाकल्यावर नवरा मेला तरी दावा मरत नाही. वनहक्क समितीने ग्रामसभेत ठराव करून बायकोचं आणि पोरांचं नाव वारस म्हणून घ्यायचं, मृत्यूचा दाखला जोडायचा आणि उपविभागीय समितीला कळवायचं. माणूस गेला त्या महिन्यातच. मोजणीला कोणी आलं तर त्या प्लॉटवर ती बाई उभी पाहिजे. ती भट्टीवर असेल तर तिचा ठराव घेऊन समितीचा माणूस उभा पाहिजे.

दिराने नांगर घातला ह्यात वाईट काही नाही, भावकी अशीच मदत करते. पण ग्रामसभेच्या वहीत लिहून ठेवा, ह्या साली अमक्याने मदत म्हणून कसलं, पीक अमकं वाटून घेतलं, जमीन अमकीची. दीर चांगला असेल तर त्याला राग यायचं कारण नाही.

सातबाराची जमीन असेल तर तलाठ्याकडे वारस नोंद. पोरं लहान असली की सातबारावर "अ.पा.क." असं लिहून काकाचं नाव येतं. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. तो राखणदार आहे, मालक नाही. पुष्कळ ठिकाणी पोर मोठं होतं तरी ते नाव तसंच राहतं आणि काका म्हणतो जमीन माझी. आई जिवंत असेल तर पालनकर्ता आई. आणि एक ध्यानात घ्या, हिंदू वारसा कायदा आदिवासींना लागू नाही, आपलं रूढीवर चालतं. रूढी म्हणजे आपण. गावाने बसून ठरवलं की विधवेला आणि पोरींना वाटा, तर तीच रूढी. आपण बदलली नाही तर दुसरं कोणी बदलणार नाही.

ट्रक यायच्या आधी

दिवाळी झाली. आता पंधरा-वीस दिवसांत मुकादमाचे ट्रक येतील. काम मिळालं तर कोणी पोरं घेऊन परमुलखात जात नाही. म्हणून रोजगार हमीचा अर्ज आजच भरा, नमुना 4, तारखेसकट पोच घ्या. 15 दिवसांत काम नाही दिलं तर बेकारभत्ता द्यावा लागतो. कामावर पाच लहान पोरं आली तर त्यांना सांभाळायला एक बाई मजुरीवर ठेवायची असं कायद्यात आहे. कामावर खड्डा खणणाऱ्या बाईचं पोर उन्हात झाडाखाली टाकलेलं मी ह्यापुढे बघायचं नाही असं ठरवलंय. तुम्ही पण ठरवा.

तरी जे जातील त्यांची यादी करा. शाळेची साधी वही घ्या. घर कोणाचं, पोरं किती, वयं काय, कुठल्या भट्टीला, मुकादम कोण, त्याचा फोन. पोरांना आजी-आजोबांकडे ठेवता येत असेल तर ठेवा, त्यांच्या खाण्याचं पाड्याने बघा. सोबत नेलीच तर आईला सांगा की भट्टीजवळच्या अंगणवाडीत जाऊन नाव घालायचं. ती म्हणेल तुमचं गाव दुसरं, तर म्हणायचं कोर्टाने सगळी पोरं म्हटलंय. शिमग्याला माणसं परत येतात तेव्हा वही उघडा. कोण आलं, कोणाचं पोर दिसत नाही? ज्या घराने पोर कुठे ठेवलंय ते सांगताना नजर खाली घातली, तिथे दुसऱ्या दिवशी जाऊन बसा. रागवायला नको, विचारायला.

काही कार्यकर्ते म्हणतात, आपण अर्ज-दाखले करत बसलो तर लढा बोथट होईल, सरकारी योजनांचे एजंट होऊ. मी म्हणते, बोथट होतो तो एकेकट्याने गुपचूप अर्ज केल्याने, एजंटामार्फत केल्याने. ग्रामसभेने ठराव करून, पाच जणांनी जाऊन, पोच घेऊन, 30 दिवसांनी माहितीच्या अधिकारात काय झालं ते विचारून घेतलेली मदत म्हणजे लढाच आहे. पेसा कायदा 1996 सालचा आहे. त्यात योजनेसाठी माणसं ग्रामसभेने निवडायची असं म्हटलंय. ती निवड आज सरपंचाच्या ओट्यावर होते. ती ग्रामसभेत आणा, आणि पहिलं नाव सगळ्यात मोडलेल्या घराचं लिहा.

शेवटी, घरी जाऊन काय करायचं ते सांगते, चारच गोष्टी. एक, पाड्यातले तीन जण नेमा, त्यात दोन बाया. कोणतंही घर अडचणीत आलं की दुसऱ्या दिवशी त्या घरी जायचं, आणि कचेरीत त्या बाईसोबत जायचं. दोन, ट्रक यायच्या आधी वही पूर्ण करा. तीन, अंगणवाडीताईला बोलावून सगळ्या पोरांचे दंड मोजा आणि लाल पट्टीचं पोर असेल तर त्याच दिवशी हलवा. चार, मेलेल्या माणसाच्या नावावर पडून असलेले सगळे दावे शोधा आणि त्या घरच्या बाईचं नाव घालायचा ठराव करा.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत प्रत्येक पाड्याने वही घेऊन यायचं. किती मोर्चाला आले ते आपण विचारतोच, ह्या वेळी वही आधी बघू.

जिंदाबाद!